कासऱ्याची गाडी

आप्पा गाडीच्या तोंडापुढं उकिडवे बसले, दोन्ही दिव्यांकडं आळीपाळीनं टक लावून बघितलं आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न टाकला.

“मारकी हाय का?”

डॉक्टर गुप्त्यांचा चहाचा कप ओठापाशीच थांबला. “मारकी म्हणजे?”

“म्हंजे, नवा मानूस बघून बिथरती का? आंगावर येती का?”

पुण्यातली सोसायटी, खाली चकचकीत फरशीचं पार्किंग आणि मधोमध ती निळी गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात. माझा चुलतभाऊ संग्रामदादा लगेच मधे घुसला. “काकांना विचारायचंय, पिकअप कसाय.”

“मला काय इचारायचंय ते मला ठावं हाय,” आप्पा म्हणाले. उठले, गाडीच्या पाठीवरनं हात फिरवत मागं गेले आणि डिकीपाशी थांबले. “ह्यो भोवरा कसला?”

डॉक्टर धावले. “कुठंय?”

“ह्यो काय. गोल गोल. उजेडाला तिरकं बगा.”

“अहो, ते पॉलिशचे ओरखडे आहेत. कापड गोल फिरवलं की उमटतात.”

“भोवरा त्यो भोवरा. पाठीवर हाय म्हणून चालतंय. कपाळावर असता तर आल्या पावली माघारी गेलो असतो.”

डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. दर सुट्टीला स्वतःच्या हातानं पुसलेल्या गाडीत कुणी बैलाच्या केसांतला भोवरा काढला की माणसाचं काय होणार? मी ओढणीत तोंड घालून हसत होते. पण खरं सांगायचं तर मला हसायचं काही कारण नव्हतं. येत्या रविवारी कराडहून पाहुणे येणार होते, माझी सुपारी फोडायला. मुलाचा पेट्रोलपंप. त्यानं फोटो बघूनच पसंत केलेलं. मला तो रविवार नको होता, आणि ही गाडी माझ्या हातात पाहिजे होती. यातलं एकही घडायची काही लक्षणं नव्हती.

आमचे आप्पा, म्हणजे हणमंत खोत, वाळव्याच्या बाजूला बैलगाडी शर्यतीतलं मोठं नाव. त्यांचा हरण्या नावाचा बैल नुसता मैदानात उतरला तरी बाकीचे गाडीवान कासरे गुंडाळायला लागायचे. मग शर्यतींवर बंदी आली. हरण्या गोठ्यात बसून जाड झाला. आप्पापण. दोघं समोरासमोर बसून एकमेकांकडं बघायचे.

एक दिवस जेवता जेवता आप्पा म्हणाले, “दारात पळनारं कायतरी पायजे. नुसतं रवंथ करनारं घर झालंय.”

आईला वाटलं घोडा आणतात. तिनं घाबरून दोन दिवस उपास धरला.

पण आप्पांना गाडी पाहिजे होती. त्यातपण कसली? गावात सर्जेराव नानांनी नुकतीच उंच, काळी, दांडगी गाडी आणलेली. सगळं गाव बघायला गेलं. आप्पा जाऊन आले आणि चूळ भरून म्हणाले, “म्हस हाय. पळनारं जनावर कसं पायजे? छाती खाली, कंबर लांब, मागला पुठ्ठा उचललेला.”

मग कोल्हापूरच्या एका शोरूमला गेलो. तिथं खाली छातीची, लांब कमरेची गाडी होती. आप्पा खूश. विकणाऱ्या पोरानं सांगितलं, “सर, आता सगळ्या ऑटोमॅटिक येतात.”

“म्हंजे गिअर कोण टाकतंय?”

“गाडीच टाकते, सर.”

“मग मी काय करायचं? भजन? कासरा नसलेला बैल मी घेत न्हाई.”

तिथनं शोध सुरू झाला. अशी पळणारी, चार दारांची आणि वर गिअरचा दांडा असलेली गाडी म्हणजे आता मिळतच नाही. फार थोड्या आल्या देशात, आणि ज्यांच्याकडं आहेत ते विकत नाहीत. संग्रामदादा रात्रंदिवस मोबाईल चोळायचा. बेळगावला एक सापडली, ती ठोकलेली निघाली. नाशिकला एक, तिचा मालक फोनवर रडायला लागला आणि म्हणाला, नको, नाही विकत. मग हे डॉक्टर गुप्ते. हाडांचे डॉक्टर. बायकोची कंबर धरली म्हणून विकत होते. खाली बसायची गाडी, बाईंना आत घालायला एक माणूस आणि बाहेर काढायला दोन. पण डॉक्टर असेतसे द्यायला तयार नव्हते. एका बिल्डरनं दार आपटलं म्हणून त्याला घालवलेला. एका पोरानं आधी स्पीकरचं विचारलं म्हणून त्यालापण.

आता चालवणार कोण, हा प्रश्न आमच्या घरात सुटलेला होता. आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं संग्रामदादा. मी भांडले. ट्रॅक्टर मी चालवते, डेअरीची गाडी मी नेते, लायसन्स निघाल्या दिवसापासनं एक ओरखडा नाही. संग्रामदादाच्या प्रत्येक बंपरला टाके आहेत.

आप्पा शांतपणानं म्हणाले, “पळत्या जनावराला एकच हात लागतो. हात बदलला की ते बिघडतं. तू आज हायस, उद्या न्हाईस.”

“मला कुठं घालवताय उद्या?”

“कराडला,” आई आतनं म्हणाली.

मी ताट ढकललं आणि उठले. मला राग आला की असंच होतं. बारावीतपण असंच झालं. वर्गात सर म्हणाले, अभ्यास नाही केला तर काय ट्रॅक्टर चालवणार आहेस का? मी म्हटलं, होय. दप्तर उचललं, बाहेर लावलेला आमचा ट्रॅक्टर चालू केला आणि घरी आले. परत गेलेच नाही. नाव माझं देवयानी, पण त्या दिवसापासनं संग्रामदादा म्हणतो, “देवी आली बघ अंगात.”

पुण्याला मला नेलं ते इंग्रजी कागद वाचायला. तेवढीच माझी किंमत.

तर पार्किंगमधली तपासणी संपली. आप्पांनी चारी चाकांना पाय लावून बघितला, बॉनेटला कान लावून इंजिन ऐकलं, “छातीत कफ न्हाई” म्हणाले. डॉक्टर जरा सावरले. “या, बसा. एक चक्कर मारून येऊ.”

“मी कशाला बसू?”

“टेस्ट ड्राईव्ह घ्यायची ना?”

“बैलावर बसून बैल दिसतो व्हय? मी रस्त्याकडंला हुबा ऱ्हातो. तुमी पळवून दावा. समोरनं येताना बघायचा, बगलंनं जाताना बघायचा, मागनं बघायचा.”

डॉक्टरांनी संग्रामदादाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी म्हटलं, “ते बसणार नाहीत. त्यांना रस्त्यावर सोडूया.”

बावधनच्या पुढं डोंगराच्या बाजूला एक मोकळा रस्ता होता. सकाळची वेळ, चिटपाखरू नाही. आप्पा एका मोरीच्या कठड्यावर चढून उभे राहिले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. अगदी मैदानातल्या पंचासारखे.

“आधी चाल दावा,” त्यांनी हुकूम सोडला. “मग दुडकी. मग पळ.”

संग्रामदादानं गॉगल लावला. डॉक्टर त्याच्या शेजारी बसले, मी मागं. दादा सीटवर बसला आणि म्हणाला, “आयला, बसलोय का झोपलोय?” क्लच सोडला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

“जरा हलक्या पायानं,” डॉक्टर म्हणाले.

“हो, हो. माहिताय. आपल्याकडं पण गाड्या आहेत.”

परत उडी. परत बंद. तिसऱ्यांदा निघाली, पण अशी, की ओल्या रानात रुतलेलं वासरू बाहेर पडतंय. आप्पांच्या समोर आलो तेव्हा डॉक्टरांचं डोकं पुढं मागं, पुढं मागं. आप्पा कठड्यावरनं ओरडले, “आरं, तिला उचकी लागलीया का?”

दादाला ते लागलं. त्यानं जोर लावला. पुढं गतिरोधक होता. आमच्याकडं गतिरोधकावरनं गाडी कशी न्यायची याला दादाच्या लेखी एकच पद्धत, डोळे मिटून. खालनं असा आवाज आला की माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. डॉक्टर तर कळवळले, स्वतःचंच हाड मोडल्यासारखे.

“थांबवा.”

“अजून दुडकी राहिलीय...”

“थांबवा म्हटलं ना!”

डॉक्टर उतरले, रस्त्यावर झोपून गाडीच्या पोटाखाली बघून आले. कोपराला माती. “माफ करा. मी गाडी देणार नाही.”

“ओरखडाच हाय की खाली,” दादा म्हणाला. “वरनं दिसत पण न्हाई.”

“प्रश्न ओरखड्याचा नाही. गाडी असल्या माणसाच्या हाती मी देणार नाही.”

तिकडनं आप्पा टोपी सांभाळत आले. “काय झालं? का थांबली?”

“काका, गाडीतच दोष हाय,” संग्रामदादा म्हणाला. “क्लच लई कडक. पोटाला टेकती. आपल्या रस्त्याला चालायची न्हाई.”

झालं. माझं डोकं फिरलं.

“गाडीत दोष? तुझ्या पायात दोष आहे! क्लच काय विहिरीवरचा पंप आहे का, दणादणा दाबायला? आणि तो गतिरोधक सरळ घेतात का असल्या गाडीला? डॉक्टरांनी पार्किंगातनं बाहेर काढताना चढ तिरका घेतला, बघितला नाहीस? गॉगल काढ आधी!”

“आली, देवी आली,” दादा म्हणाला.

“आणि तुम्ही!” मी डॉक्टरांकडं वळले. “गाडी द्यायची नाही तर नका देऊ. पण देणार नाही म्हणताना आम्हां सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. चावी द्या.”

डॉक्टर मागं सरकले. “तुला येते?”

“नाही आली तर परत घ्या. चावीच आहे, किडनी नाही.”

आप्पा म्हणाले, “देवे, गप.” पण त्यांच्या आवाजात नेहमीचा दम नव्हता. गाडी हातची चालली होती. त्यांचे डोळे निळ्या पत्र्यावरनं हलत नव्हते. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्या पायांकडं. मी चप्पल काढून हातात घेतली होती. काय वाटलं कुणास ठाऊक, चावी दिली.

मी बसले. डॉक्टर शेजारी. सीट पुढं घेतली. आरसे नीट केले. क्लच नुसताच दोनदा दाबून सोडून बघितला, कुठं धरतोय ते. अनवाणी पायाला कळतं. घाई केली नाही. मला रागावर आयुष्यात कधी ताबा मिळाला नाही, पण गाडीत बसलं की तो आपोआप खाली बसतो. का ते विचारू नका.

गाडी निघाली तेव्हा डॉक्टरांना कळलंच नाही की ती निघाली. ते अजून दाराचं हँडल धरून होते.

आप्पा परत कठड्यावर. पहिल्या फेरीला मी सावकाश गेले, चाल दाखवली. दुसऱ्या फेरीला दुडकी. गतिरोधक तिरका घेतला, एकेक चाक करून, म्हातारीला पायरी उतरवतात तसा. डॉक्टरांनी हँडल सोडलं.

“कुठं शिकलीस?”

“उसाच्या ट्रॉलीवर. भरलेली ट्रॉली चढाला थांबली आणि परत उचलायची म्हटलं की क्लच पायानं नाही, पोटानं धरावा लागतो.”

रस्त्याच्या टोकाला जाऊन मी गाडी वळवली. समोर सरळ पट्टा, लांब कठड्यावर एक पांढरा ठिपका.

“पळवू?” मी विचारलं.

“तिसरा गिअर अर्धवट सोडू नकोस,” डॉक्टर म्हणाले. “ओरडू दे तिला.”

मग मी सोडली. तो आवाज मी आजपण झोपेत ऐकते. आधी गुरगुर, मग गळा मोकळा करून गायला लागावं तशी. ठिपक्याचा माणूस झाला, माणसाचा आप्पा झाला, आणि आप्पांनी कठड्यावर दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, “हिर्र्र्र्र्र!” हरण्याला शेवटच्या टप्प्यात द्यायचे तीच. बंदी आल्यापासनं मी ती ऐकली नव्हती. आम्ही बगलेनं गेलो आणि त्यांची टोपी उडाली.

थांबवून मागं आले तेव्हा टोपी शोधत संग्रामदादा झुडपात होता. आप्पा बोडक्या डोक्यानं उभे, डोळ्यांत पाणी. “धूळ गेली,” म्हणाले. रस्ता डांबरी होता.

मग आम्ही डॉक्टरांच्या घरी वर गेलो. बाई सोफ्यावर पट्टा लावून बसलेल्या. “ठरलं का एकदाचं?” त्यांनी विचारलं. “विका हो. मला आता रिक्षाच बरी वाटते.”

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, डॉक्टरांच्या शेजारी सरकून बसले आणि टॉवेल दोघांच्या हातांवर पांघरला. आत डॉक्टरांचा हात धरला.

मी हे लहानपणापासनं बघितलेलं. बैलाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात, जितकी बोटं तितका आकडा. पटलं तर समोरच्यानं अख्खा पंजा दाबायचा, नाही पटलं तर हात काढून घ्यायचा. भोवती कितीपण माणसं असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. आप्पा असल्या सौद्यात फार मुरलेले. ते म्हणायचे, पहिलं बोट धरायची घाई करू नये, ज्याला गरज जास्त तो आधी धरतो. पण त्या दिवशी त्यांना इतकी घाई झालेली की त्यांनीच आधी धरलं.

डॉक्टरांना यातलं काय ठाऊक? समोरचा म्हातारा हाडांच्या डॉक्टरच्या घरी आलाय आणि कापडाखाली हात देतोय. त्यांनी तोंड गंभीर केलं आणि आप्पांचं एकेक बोट चाचपायला सुरुवात केली.

आप्पांचा चेहरा बदलला.

डॉक्टरांनी दुसरं बोट दाबलं. मग तिसरं.

“आवं, आवं,” आप्पा म्हणाले. “जरा दमानं.”

“दुखतंय?”

“दुखनारच की! एवढं वर?”

“वर म्हणजे मनगटापर्यंत?” डॉक्टरांनी चौथं बोट मुडपून बघितलं.

आप्पांना घाम फुटला. “डाक्टर, मी नड दाखवली म्हणून आसं करू नये. फोनवर तुमी काय बोलला हुता? आनि आता काय मागताय?”

“मी कुठं काय मागतोय? ही जुनी सूज आहे. किती वर्षं आहे?”

“कसली सूज?”

“या पेरांना. दोरी फार ओढता का तुम्ही?”

बाई म्हणाल्या, “अहो, कापडाखाली काय करताय तुम्ही त्यांना?”

मला आता आवरेना. मी जमिनीवर बसून हसले. हसता हसता सगळं सांगितलं, बोटं, आकडा, पंजा. ऐकल्यावर डॉक्टरांचे कान लाल झाले आणि मग तेपण असे हसले की बाईंना हसताना कंबर धरावी लागली. आप्पा तेवढे हसले नाहीत. ते अजून मनातल्या मनात त्या चौथ्या बोटावर होते.

“म्हणजे मी तुमच्याकडं भाव वाढवून मागत होतो?”

“लई,” आप्पा म्हणाले. “त्या भावात उडतं इमान येतं.”

डॉक्टरांनी डोळे पुसले आणि टॉवेल स्वतः परत पांघरला. “फोनवरचाच भाव. पण माझी एक अट आहे, ती बोटांत कशी सांगायची मला येत नाही, तोंडानंच सांगतो. गाडी ही चालवणार. तुमची मुलगी. ती चालवणार असेल तर आत्ता न्या. तो चालवणार असेल तर नको.”

संग्रामदादा खिडकीतनं पुणे बघायला लागला.

“तिचं लगीन ठरतंय,” आप्पा म्हणाले. “ती जानार कराडला.”

“मग गाडीपण कराडला जाऊ दे तिच्याबरोबर.”

आप्पा ताडकन उठले. “पळनारं जनावर? पेट्रोलपंपावर हुबं? येनारा जानारा हात लावनार?”

“मग दुसरा चालवेल. हात बदलेल. चालतं की.”

“चालतं की” हे आप्पांना कुणी म्हणावं! ते तिथंच उभे. इकडं गाडी, तिकडं कराड, आणि मधे त्यांचाच कायदा, एकच हात. स्वतःच्या दाव्याला स्वतःच बांधलेले. त्यांनी खिडकीतनं खाली बघितलं. निळा पत्रा उन्हात चमकत होता. मग माझ्याकडं बघितलं, मला वाटतं त्या वर्षात पहिल्यांदाच, नीट.

मला बोलायचं होतं. नेहमी मी ओरडते आणि ओरडले की मुद्दा राहतो बाजूला, सगळे नुसता आवाज ऐकतात. पहिल्यांदा मला शब्दच सापडेनात.

आप्पा माझ्याजवळ येऊन खाली बसले. टॉवेल माझ्या हातावर टाकला.

“काका, पोरीबरोबर कुठं...” संग्रामदादा म्हणाला.

“तू पुनं बघ.” आप्पा माझ्या कानाशी आले. “एक बोट, एक वरीस. लग्नाचं नाव काढनार न्हाई. गाडी तुझी. बोल.”

मी थांबायला पाहिजे होतं. सगळा कायदा मला ठाऊक होता. पण मी झडप घातली आणि त्यांची पाचही बोटं धरली.

आप्पांनी हात काढून घेतला. परत आत घालून माझं एकच बोट धरलं. मी हात काढला. त्यांनी दोन धरली. मी काढला. मी चार धरली, त्यांनी खाकरून काढला. असं चाललंय, बाई आणि डॉक्टर बघतायत, चहा गार झालाय. शेवटी मी तीन बोटं धरली आणि सोडलीच नाहीत. त्या जाड, सुजलेल्या पेरांतनं मला त्यांच्या नाडीचे ठोके लागत होते. मग त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला. इतका दाबला की डॉक्टरांना दाखवावा लागला असता.

“काय ठरलं?” संग्रामदादानं विचारलं.

“रुमालातलं रुमालात,” आप्पा म्हणाले.

गाडी घेऊन आम्ही त्याच दिवशी निघालो. डॉक्टर गेटपर्यंत आले, खिडकीत वाकून म्हणाले, “गार असताना पळवू नकोस,” आणि पटकन आत गेले. संग्रामदादा मागं, पाय मुडपून. आप्पा माझ्या शेजारी, मांडीवर नारळ. घाट उतरल्यावर त्यांनी कराडला फोन लावला.

“रविवारी येऊ नगा... न्हाई, न्हाई, मुलगी बरी हाय. मुलात दोष न्हाई... कारन म्हंजे, गाडी घेतलीया... तसं न्हवं, हुंड्याची न्हवं, आमचीच. तिला एक हात लागलाय... हात वो, हात... आवं, कुनाचा म्हंजे? पोरीचा... म्हंजे गाडीला पोरीचा... हॅलो? हॅलो?”

फोन ठेवून म्हणाले, “मानसं शर्यतीतली न्हाईत. सुटलो.”

घरी आईनं लिंबं, नारळ, हळदकुंकू सगळं केलं आणि मग आमच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलली नाही. हरण्याला गोठ्यातनं आणून गाडीसमोर उभा केला. त्यानं हुंगलं, फुसकारला आणि बॉनेट चाटलं. आप्पा म्हणाले, वळखलं.

त्यानंतर मी ती गाडी रोज चालवली. आप्पा कधी आत बसले, कधी मळ्याच्या कठड्यावर उभे राहिले. सर्जेराव नाना एकदा स्वतःहून म्हणाले, पोरगी काय हाकती राव. आप्पांनी ऐकूच आलं नाही असं करून त्यांना ते दोनदा म्हणायला लावलं.

यंदा तीन वर्षांची मुदत संपली. मी विषय काढला नाही, त्यांनीपण नाही. आईनं मात्र कुठनं कुठनं फोटो जमवायला सुरुवात केलेली. मी गप गाडी पुसत होते, हरण्याच्या गोठ्यापुढं, कापड गोल फिरवायचं नाही हे सांभाळत. आप्पा आले. इकडं तिकडं बघितलं. आई आत आहे याची खात्री केली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बॉनेटवर, माझ्या हातावर पसरला.

मी हात आत घातला आणि थांबले. काही धरलं नाही. बोटं नुसती ठेवली.

आप्पा थोडा वेळ गोठ्याकडं बघत राहिले, काही घाई नसल्यासारखे. मग त्यांचा हात सरपटत आला आणि त्यांनी माझी बोटं धरली. पाचही.

मी पंजा लगेच दाबला नाही. म्हटलं बघू, अजून किती वर जातात.